चळवळीतला विद्यार्थी आणि त्याचा गाइड

‘प्राइड’ महिना म्हणून पाळला जाणारा जून आला की आपल्याकडे हा वाद ठरल्यासारखा उकरला जातो. एखाद्या महाविद्यालयात एलजीबीटीक्यू (समलिंगी, ट्रान्स आदी) हक्कांवर परिसंवाद ठेवला जातो, त्याच विषयावर पीएच.डी. करणारा कुणी मोर्चातही दिसतो, आणि मग दोन्ही बाजू आपापल्या जागा पकडतात. एक बाजू म्हणते, विद्यापीठं ज्ञानासाठी असतात, चळवळे तयार करण्यासाठी नव्हेत. अशा विद्यार्थ्याला प्राध्यापकाने हाताशी धरणं म्हणजे सरकारी पगारावर चालवलेला प्रचार. दुसरी बाजू म्हणते, या मुलांना घरात जागा नाही, निदान विद्यापीठात तरी असू द्या. प्राध्यापकाने त्यांच्या पाठीशी उभं राहावं, त्यांनाच उलट प्रश्न विचारणं हा आणखी एक छळ. पहिल्या बाजूला चळवळ कळत नाही आणि दुसरीला विद्यापीठ. हक्कांसाठी लढणाऱ्या विद्यार्थ्याला घडवणं हे विद्यापीठाचं कामच आहे, असं माझं मत आहे. पण ते काम टाळ्या वाजवून होत नाही. त्याच्या मांडणीचा पहिला आणि सगळ्यात कठोर वाचक व्हावं लागतं.

कठोर वाचक कशाला, हे पाहायचं तर ११ डिसेंबर २०१३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल पुन्हा काढून वाचावा. न्या. सिंघवी आणि न्या. मुखोपाध्याय यांनी त्या दिवशी दिल्ली हायकोर्टाचा २००९ चा निकाल फिरवला आणि ‘अनैसर्गिक’ संभोग गुन्हा ठरवणारं दंडविधानातलं ३७७ कलम समलिंगी संबंधांना पुन्हा लागू केलं. निकालावर सडकून टीका झाली, ती व्हायलाच हवी होती. पण कोर्टाने दिलेली कारणं नीट बघा. हे लोक देशाच्या लोकसंख्येत नगण्य आहेत; दीडशेहून जास्त वर्षांत या कलमाखाली दोनशेपेक्षा कमी लोकांवर खटले चालले; आणि सरकारी यंत्रणांच्या भेदभावाचे तपशील मूळ याचिकेत दिलेलेच नाहीत. हे शेवटचं विधान अन्यायाचं होतं, कारण छळाच्या घटना इतर पक्षकारांनी प्रतिज्ञापत्रांवर मांडल्या होत्या. दोनशेच्या आकड्याचं काय? तो प्रसिद्ध झालेल्या निकालांवरून काढलेला होता. पण ३७७ चा खरा वापर कोर्टात होतच नव्हता. पोलिसांनी बागेत किंवा स्टेशनच्या मुतारीत दोघांना धरायचं, ‘घरी फोन लावू का?’ म्हणायचं, खिसा रिकामा करून घ्यायचा आणि सोडून द्यायचं. याची ना स्टेशन डायरीत नोंद, ना एफआयआर. नोंद राहू नये अशाच बेताने होणारा छळ मोजायचा कसा? कुणाला विचारायचं, सांगणाऱ्याचं नाव कसं झाकायचं, दहा वर्षांपूर्वीची आठवण कशाशी ताडून पाहायची, जे बोललेच नाहीत त्यांच्याबद्दल किती म्हणायचं आणि कुठे गप्प बसायचं, हे सगळं शिकावं लागतं. शिकवणारं कुणीतरी लागतं. ‘तुझ्या म्हणण्याला पुरावा काय?’ हा प्रश्न न्यायमूर्तींनी विचारण्याआधी गाइडने दहा वेळा विचारलेला असेल, तर तो विद्यार्थी कोर्टाच्या पायरीवर वेगळा उभा राहतो.

यावर येणारा आक्षेप ओळखीचा आहे. जो स्वतः समलिंगी किंवा ट्रान्स आहे आणि हक्कांसाठी लढतोय, त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं; पुरावे तो मागाहून गोळा करतो. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. निष्कर्षापासून सुरू होऊन प्रस्तावनेकडे उलटे चालत गेलेले प्रबंध आपल्या ग्रंथालयांत ढिगाने आहेत, आणि ते फक्त याच विषयावरचे नाहीत. पण पक्षपातावर उतारा म्हणून हितसंबंध नसलेला संशोधक शोधायचा, की पक्षपात निष्प्रभ करणारी पद्धत?

एव्हलिन हूकर यांचं उदाहरण इथे नेमकं लागू पडतं. १९४० च्या दशकात त्या लॉस एंजेलिसमध्ये मानसशास्त्र शिकवत. सॅम फ्रॉम नावाचा त्यांचा एक विद्यार्थी होता. ओळख वाढली, तो समलिंगी असल्याचं कळलं, आणि ‘आमच्यासारख्यांचा अभ्यास करणं हे तुमचं कर्तव्य आहे’ असा लकडा त्याने त्यांच्यामागे लावला. म्हणजे संशोधनाची सुरुवातच बाजू घेण्यातून झाली, आणि तीही विद्यार्थ्याने बाईंना वाट दाखवून. त्या काळी समलिंगी पुरुषांवरचा बहुतेक अभ्यास तुरुंगातल्या नाहीतर मनोरुग्णालयातल्या माणसांवर चाले, आणि त्यावरून ‘हे लोक मनाने आजारी असतात’ असा निष्कर्ष निघे. निघणारच. हूकरबाईंनी कुठलेही उपचार न घेणारे ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुष निवडले. वय, शिक्षण, बुद्ध्यांक बघून त्यांच्या जोड्या लावल्या. त्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्यांचे कागद ओळख काढून टाकून त्या क्षेत्रातल्या नामवंतांपुढे ठेवले आणि सांगितलं, यातला कोण कुठला ते ओळखा. नामवंतांना ओळखता आलं नाही. हा अभ्यास १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, त्यामागे या अभ्यासाचं मोठं वजन होतं. आता सांगा, निःपक्ष कोण होतं? कैद्यांवरून सगळ्या समलिंगी माणसांची परीक्षा करणारे, ज्यांचा या प्रश्नात म्हणे काही स्वार्थ नव्हता, ते डॉक्टर? की मैत्रीतून कामाला लागलेल्या, पण स्वतःच्या मैत्रीला निकालात ढवळाढवळ करू न देणाऱ्या हूकरबाई? शेतकऱ्याच्या मुलीने शेतकरी आत्महत्यांवर प्रबंध लिहू नये असं आपण म्हणत नाही. मग इथेच हा नियम कुठून आला?

गाइडला विद्यार्थ्याचं म्हणणं पटलेलं असलंच पाहिजे, हा समज मात्र दोन्हीकडे आहे. विरोधकांना वाटतं, गाइड झाला म्हणजे त्याच कंपूतला; समर्थकांना वाटतं, कंपूतला नसेल तर तो गाइड कसला. मराठी वाचकाला याचं खंडन करणारं उदाहरण लांब जाऊन शोधायला नको. मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष देऊन आणि ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू करून डॉ. आंबेडकर १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. आजच्या भाषेत पूर्ण वेळ चळवळीतला विद्यार्थी. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये एडविन कॅनन हे त्यांचे प्राध्यापक. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ मध्ये पुस्तकरूपाने निघाला, त्याला कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तिच्यात उघड सांगितलं, की सुवर्ण विनिमय पद्धतीला (रुपयाची किंमत सोन्यावर आधारलेल्या परकी चलनाशी बांधण्याच्या सरकारी पद्धतीला) आंबेडकरांचा जो विरोध आहे तो मला मान्य नाही, त्यांचे बरेचसे युक्तिवादही पटत नाहीत. तरी ते जिथे चुकले असं मला वाटलं, तिथेही त्यांच्या विचारातला ताजेपणा मला चालना देऊन गेला. आपल्या विद्यार्थ्याच्या पुस्तकात, पहिल्याच पानांवर! आपल्याकडे किती प्राध्यापक असं लिहितील, आणि किती विद्यार्थी ते छापू देतील? पुढे चलनविषयक रॉयल कमिशनपुढे आंबेडकर साक्षीला बसले, तेव्हा सरकारची बाजू त्यांना नवी नव्हती. तिचा भक्कम पाठीराखा त्यांनी लंडनमध्ये गाइड म्हणून झेललेला होता.

‘बरं, मग विद्यापीठाने तटस्थ राहावं, एवढंच आम्ही म्हणतो,’ असं यावर सांगितलं जातं. तटस्थ म्हणजे काय? रघुनाथ धोंडो कर्वे विल्सन कॉलेजात गणित शिकवत. संततिनियमनाचा प्रचार सोडा नाहीतर नोकरी सोडा, अशी वेळ आल्यावर १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. कर्व्यांच्या गणिताबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पुढे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यात समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न होते, उत्तरं दिली म्हणून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरले. लंडनहून आणलेली वादाची शिस्त मुंबईत कुणासाठी आणि कशासाठी वापरली गेली, हे आंबेडकरांच्या चरित्रातलं पान आपण घाईघाईने उलटतो.

आणि २०१० साली? अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांच्या घरात फेब्रुवारीमध्ये कॅमेरा घेऊन माणसं घुसली. निलंबन झालं ते घुसणाऱ्यांपैकी कुणाचं नव्हे, सिरसांचं. अलाहाबाद हायकोर्टाने १ एप्रिलला निलंबनाला स्थगिती दिली आणि आठवडाभरात सिरस आपल्या भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडले. दिल्ली हायकोर्टाने ३७७ सौम्य करून तेव्हा वर्षही उलटलं नव्हतं. मराठी कविता लिहिणारा, मराठीचा प्राध्यापक. मराठी साहित्यविश्वात तेव्हा जेवढी खळबळ व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. प्राध्यापकाचीच ही गत होते, तिथे विद्यार्थ्याने मार्गदर्शन मागायचं कुणाकडे? जे विद्यापीठ झोपण्याच्या खोलीपर्यंत बाजू घेतं, त्याने प्रबंधाच्या विषयापाशी येऊन तटस्थतेचा आव आणू नये.

ज्ञान विद्यापीठाबाहेर राहिलं की सुरक्षित राहतं, असंही नाही. माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१९ मध्ये बर्लिनला काढलेली लैंगिक विज्ञानाची संस्था खासगी होती. नाझी राजवटीत ६ मे १९३३ रोजी ती लुटली गेली आणि चार दिवसांनी तिथली पुस्तकं चौकात जाळली गेली. लुटणाऱ्यांत विद्यार्थ्यांची टोळी पुढे होती. त्यांनाही विद्यापीठातच कुणीतरी शिकवलं होतं. विद्यार्थ्यांना वळण लावायचं की नाही, हा पर्याय विद्यापीठापुढे नसतोच.

इथे माझ्याच मांडणीवर एक प्रश्न येतो. गाइडने कठोर वाचक व्हायचं, तर मग संकटात बाजूला उभं राहायचं की नाही? युगांडाचं उदाहरण मला यासाठी महत्त्वाचं वाटतं. कंपालाच्या माकेरेरे विद्यापीठातल्या कायद्याच्या प्राध्यापक सिल्व्हिया तमाले यांनी समलिंगी व्यक्तींच्या हक्कांची बाजू घेतली, तेव्हा २००३ मध्ये त्यांना ‘वर्षातली सगळ्यात वाईट स्त्री’ ठरवण्यात आलं. पुढच्याच वर्षी त्या विधी विभागाच्या डीन झाल्या. २०१४ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींनी समलैंगिकताविरोधी कायद्यावर सही केली. त्याला आव्हान देणाऱ्या याचिकेत फ्रँक मुगिशा, काशा नाबागेसेरा यांच्यासारखे कार्यकर्ते होते, मानवी हक्क संस्था होत्या. पण पहिलं नाव होतं जे. ओलोका-ओन्यांगो यांचं, माकेरेरेतल्याच कायद्याच्या प्राध्यापकाचं. वृत्तपत्रं समलिंगी लोकांचे फोटो पत्त्यांसकट छापत होती, त्या देशात खटल्याच्या शीर्षकात कार्यकर्त्याचं नाव येऊ न देता आपलं घालणं, हे मार्गदर्शनच आहे. प्रत्यक्ष निकालाचा आधार तर अगदी रुक्ष निघाला. कायदा मंजूर होताना संसदेत गणसंख्या नव्हती, म्हणून १ ऑगस्ट २०१४ ला तो रद्द झाला. ‘प्रेम म्हणजे प्रेम’ वगैरे काही नाही. नियमावली आणि हजेरीपट. भावना बाजूला ठेवून विरोधकाचे कागद वाचण्याची सवय असलेल्या लोकांनाच अशी फट सापडते.

लगेच सांगितलं पाहिजे की हा विजय टिकला नाही. २०२३ मध्ये आणखी कडक कायदा आला, त्यात काही प्रकारांना मृत्युदंडाचीही तरतूद आहे, आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने त्यातली काही कलमं काढून बाकीचा कायदा कायम ठेवला. प्राध्यापक पाठीशी असले की लढाई जिंकता येते, असा दावा करायला मला जागा नाही.

आता विरोधकांचा सगळ्यात बळकट मुद्दा, जो ते स्वतः क्वचितच मांडतात. आपल्याकडे गाइडच्या हातात अमाप सत्ता असते. सहामाही प्रगती अहवालावर सही त्याची, फेलोशिपच्या कागदांवर सही त्याची, व्हायवाला (तोंडी परीक्षेला) कोण येणार हे सुचवणार तोच. सरांच्या पुतण्याच्या लग्नात पंगतीला वाढणारे संशोधक विद्यार्थी आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार प्रोफेसरला एका वेळी आठ, असोसिएट प्रोफेसरला सहा आणि असिस्टंट प्रोफेसरला चारच विद्यार्थी घेता येतात. म्हणजे मोजके गाइड आणि रांगेत उभे असलेले विद्यार्थी. अशा व्यवस्थेत पुरोगामी गाइडसुद्धा विद्यार्थ्याला आपल्या व्यासपीठांवर मिरवू शकतो, आपल्या सह्यांच्या पत्रकांत ओढू शकतो. समलिंगी विद्यार्थ्याच्या बाबतीत तर धोका दुप्पट, कारण जे घरच्यांना माहीत नाही ते गाइडला माहीत असतं. गाइड चांगला असेल तर ठीक, नसेल तर? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. फक्त त्यावरून निष्कर्ष निघतो तो गाइडच्या सत्तेला लगाम घालण्याचा. विषयच बंद करायचा म्हटलं तर ही सत्ता जातिअभ्यासातही तितकीच आहे आणि वनस्पतिशास्त्रातही.

दुसरा बळकट मुद्दा चळवळीच्या आतून येतो. तृतीयपंथी वस्त्यांत काम करणारे लोक वैतागून म्हणतात, आमच्या दुःखावर तुमची पीएच.डी. प्रश्नावली घेऊन मुलं येतात, तासतासभर मुलाखती घेतात, प्रबंध बांधून घेतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. ज्याने वीस वर्षं वस्तीत काढली त्याचं नाव आभारात, आणि दोन महिने फिरलेल्याचं मुखपृष्ठावर. याला माझ्याकडे प्रतिवाद नाही. पण म्हणूनच त्या वस्तीतल्याच माणसाला संशोधक होता आलं पाहिजे. तो तिथवर पोचेल तेव्हा त्याच्या अनुभवाचं कौतुक करून त्याला दुबळा प्रबंध लिहू देणं, हाही एक प्रकारचा तुच्छपणाच आहे. ‘याच्याकडून एवढंच व्हायचं’ असं आधीच ठरवलेलं असतं. दलित विद्यार्थ्यांनी हा कौतुकाचा सासुरवास पुष्कळ सोसला आहे.

विवाहसमानतेचा खटला २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात चालला, तेव्हा केंद्र सरकारने ही मागणी म्हणजे शहरी उच्चभ्रूंचा विचार आहे, असं लिहून दिलं. यासाठी सरकारकडे आकडेवारी काय आहे, असा प्रश्न तत्कालीन सरन्यायाधीशांनी सुनावणीत विचारला. १७ ऑक्टोबरला निकाल विवाहाच्या विरोधात गेला, पण ‘शहरी उच्चभ्रू’ हा शिक्का सरन्यायाधीशांनी आपल्या निकालपत्रात खोडून काढला. तो मुळापासून खोडायचा तर काम कुठे करायला हवं? कर्नाटकातल्या सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या यात्रेला कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागातून जाणारे जोगते आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलोय. लुगडं नेसलेला, डोक्यावर ‘जग’ (देवीची मूर्ती ठेवलेली टोपली) घेतलेला जोगता कुठल्या शहरी उच्चभ्रू वर्गात बसतो? त्यांचे जमिनीचे हक्क, रेशनकार्डावरचं नाव, म्हातारपण, यांवर कायद्याच्या अंगाने लिहायला मराठी आणि कानडी दोन्ही येणारा, त्या घरांत उठबस असलेला विद्यार्थी हवा. तो पुण्या-मुंबईच्या नामवंत संस्थेत असेलच असं नाही. तो जिल्ह्याच्या ठिकाणी एम.ए. करत असेल, पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा (पेट) पास झाला असेल, आणि त्याच्या विषयाला हात लावायला कुणी गाइड तयार नसेल. उघडपणे क्वीअर असलेले प्राध्यापक राज्यात मोजकेच. सगळे विद्यार्थी त्यांच्याच दारात उभे करायचे हा त्यांच्यावरही अन्याय. भिन्नलिंगी, संसारी, या विषयातलं फारसं न कळणाऱ्या पण पुरावा कशाला म्हणतात ते कळणाऱ्या गाइडनेच हे काम अंगावर घ्यायला हवं.

यासाठी फार क्रांतिकारक काही लागत नाही. गाइड बदलून मागणाऱ्या विद्यार्थ्याला वर्ष गमवावं लागू नये. अशा विषयांना दोन गाइड असावेत, म्हणजे एकाच्या मर्जीवर सगळं राहणार नाही. मुलाखती देणाऱ्यांची खरी नावं विभागाच्या कपाटात पडून राहू नयेत, विद्यार्थ्याने स्वतःबद्दल सांगितलेलं गाइडच्या केबिनबाहेर जाऊ नये, आणि गेलं तर ते शिस्तभंगाचं प्रकरण व्हावं. रॅगिंगविरोधी नियमांत यूजीसीने २०१६ मध्ये लैंगिक कल आणि लिंगओळख यांचा उल्लेख घातला. तो वसतिगृहातल्या पोरांना लागू आहे, प्राध्यापकांच्या खोलीत होणाऱ्या टोमण्यांचं काय? आणि एक साधी गोष्ट. विषय मंजूर करणारी संशोधन समिती (आरआरसी) बसते, सदस्य सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) चाळतात, कुणीतरी गालात हसतं, ‘दुसरा एखादा विषय बघा’ असं तोंडी सांगून विद्यार्थ्याला परत पाठवलं जातं. नामंजुरीचं कारण लेखी आणि सदस्यांच्या सह्यांनिशी देणं बंधनकारक करा. पद्धत कच्ची आहे, नमुना अपुरा आहे, असं लिहून आलं तर विद्यार्थ्याने ते मुकाट्याने सुधारावं. ‘विषय आपल्या संस्कृतीत बसत नाही’ या वाक्याखाली किती सदस्य सही करतात, तेही मग कळेल.